बंद आकाशाचे वेळापत्रक द्या : सह्याद्रीत विनाइंजिन उडणाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. भारतीय विमानतळ प्राधिकरण. भारतीय हवाई दलातील हवाई क्षेत्र व्यवस्थापनाचे प्रमुख अधिकारी. पर्यटन व गृह विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : पुणे, सातारा व सोलापूर जिल्ह्यांत हँग ग्लायडिंग आणि पॅराग्लायडिंगच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांसाठी हवाई क्षेत्राची उंची, वेळ व संपर्कव्यवस्था निश्चित करण्याबाबत

महोदय,

कामशेत, पाचगणी आणि परिसरातल्या डोंगरांवरून हँग ग्लायडर व पॅराग्लायडर उडवणाऱ्या वैमानिकांच्या संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र सादर करत आहोत. आमच्या पंखाला इंजिन नसते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत, म्हणजे थर्मलमध्ये, घिरट्या घालून उंची कमवायची, ती खर्च करत पुढचा थर्मल गाठायचा आणि असे करत दोन-तीन तालुके ओलांडून उतरायचे, याला क्रॉस कंट्री म्हणतात. डोंगराच्या पुढ्यात दहा मिनिटे उडून पायथ्याशी उतरणे हा वेगळा प्रकार. त्याबद्दल येथे काही मागणे नाही.

लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि त्याच धावपट्टीवर पुण्याची प्रवासी विमाने उतरतात, हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. धावपट्टीच्या तोंडाशी ग्लायडर येता कामा नये, असे आमच्याइतके ठामपणे दुसरे कोणी म्हणणार नाही, कारण तशी टक्कर झालीच तर पहिला जीव आमच्या माणसाचा जाईल. आमची हरकत आहे ती बंदीच्या मोघमपणाला. कोणते आकाश, कोणत्या उंचीच्या वर, कोणत्या वारी आणि किती वाजता बंद आहे, उघडे असेल तर कोणाला कळवून उडायचे, याचे डोंगरावर उभे राहून वाचता येईल असे उत्तर आज वैमानिकाच्या हातात नाही. उत्तर नसले की दोन गोष्टी होतात. नियम पाळणारा उडत नाही आणि न पाळणारा कोणालाही न कळवता उडतो. दोन्हींत सुरक्षेचा फायदा शून्य आहे.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. त्यातल्या अकरा क्रीडाप्रकारांत हँग ग्लायडिंग आणि पॅराग्लायडिंग दोन्ही आहेत. २०३० पर्यंत भारताला हवाई क्रीडांतल्या आघाडीच्या देशांत नेण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. हवाई क्रीडांसाठी स्वतंत्र नियंत्रण क्षेत्र करता येईल अशी ठिकाणे म्हणून बीर-बिलिंग, गंगटोक, हडपसर आणि वागामोन ही नावे त्या वेळी पुढे आली. महाराष्ट्रातून हडपसर आले, कारण तिथे ग्लायडिंगचे जुने केंद्र आहे. कामशेत आणि पाचगणी आली नाहीत. पुढे १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियमही लागू झाला. धोरण आहे, कायदा नवा आहे, उद्दिष्टाचे साल जवळ येत आहे. मधले काही हंगाम आम्ही वाट पाहण्यात घालवले. आता नेमकेपणाने मागतो आहोत.

कामशेत कुठे आहे

नकाशावर पाहिले तर सगळा पेच एका नजरेत कळतो. कामशेतपासून लोहगावची धावपट्टी हवाई अंतराने सुमारे ४४ किलोमीटर, आग्नेयेकडे. नवी मुंबईचा विमानतळ सुमारे ५५ किलोमीटर, वायव्येकडे. तिथून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी उड्डाणे सुरू झाली. दुपारी घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा धरला तर तो तळेगाव, चाकण करत लोहगावच्या दिशेने नेतो. पूर्वेचा वारा धरला तर घाटाच्या कड्याखाली दाट जंगल, आणि तिथे उतरायला जागा नाही. दक्षिणेला पवना धरण, तुंग, तिकोना. ज्या दिवशी हवा सर्वांत चांगली, त्याच दिवशी वैमानिक लोहगावच्या बाजूला ढकलला जातो. म्हणून कामशेतचा वैमानिक एक तर डोंगराला चिकटून राहतो किंवा अर्ध्यावर उतरतो.

पाचगणीची अडचण वेगळी. तिथून पूर्वेला उतरत गेलेले पठार आहे, मोकळी शेते आहेत, लोहगाव सत्तर किलोमीटरहून दूर आहे. तरीही तिथला वैमानिक फलटणच्या पुढे जाताना कचरतो, कारण पुढे काय चालेल हे त्याला लेखी कोणी सांगितलेले नाही.

मागणी पहिली : उंचीला पायऱ्या लावा

आज एखाद्या ठिकाणी परवानगी मिळालीच तर ती बहुधा जमिनीपासून ठरावीक, कमी उंचीची असते. कमी उंची म्हणजे जास्त सुरक्षितता, असा समज त्यामागे दिसतो. इंजिन असलेल्या यंत्राबाबत तो खरा असू शकेल. आमच्याबाबत तो उलटा आहे.

हिशेब साधा आहे. हँग ग्लायडर एक मीटर उंची गमावून साधारण बारा मीटर पुढे जातो असे धरा. चांगल्या पंखाचा आकडा यापेक्षा बराच मोठा असतो, पण वारा समोरून असेल तर बारा हाच व्यवहारी आकडा. ३०० मीटरवर असलेल्या वैमानिकाच्या हातात साडेतीन किलोमीटर असतात. १,२०० मीटरवर असलेल्याच्या हातात चौदा किलोमीटर. पहिल्याला जे समोर येईल तिथे उतरावे लागते: उसाचा फड, विहीर, वस्ती, महावितरणच्या तारा. दुसऱ्याला नांगरलेले मोठे रान निवडायला वेळ असतो. शिवाय ३०० मीटर ही आमच्या शिक्षणात थर्मल शोधणे थांबवून उतरण्याची जागा पक्की करण्याची उंची आहे. तिला छत ठरवणे म्हणजे वैमानिकाला टेकऑफपासून उतरण्याच्याच तयारीत ठेवणे.

ड्रोनचा नकाशा पाहा, असेही आम्हाला अनेकदा सुचवले जाते. २०२१ च्या ड्रोन नियमांत हिरवे क्षेत्र जमिनीपासून ४०० फुटांपर्यंतच आहे, म्हणजे १२० मीटर, आणि विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात तर २०० फूटच. त्यावरचे सगळे पिवळे, म्हणजे परवानगीचे. डोंगरावरून धावत सुटलेला ग्लायडर पहिल्याच चांगल्या थर्मलमध्ये ही मर्यादा ओलांडतो. तो नकाशा ड्रोनसाठी केला आहे आणि त्या कामासाठी योग्य आहे. आमच्यासाठी वेगळा लागतो.

आम्ही मागतो ती रचना अशी. लोहगावला उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते. त्या उतारावर धावपट्टीपासून २५ किलोमीटरवर ते सुमारे १,३०० मीटर उंच असते, ३५ किलोमीटरवर १,८०० आणि ४५ किलोमीटरवर २,३५० मीटर. म्हणून लोहगावपासून २५ किलोमीटरच्या आत आम्हाला पूर्ण मनाई असावी. २५ ते ३५ किलोमीटरमध्ये धावपट्टीच्या पातळीपासून ६०० मीटरचे छत असावे, ३५ ते ४५ मध्ये १,२०० मीटरचे आणि त्यापलीकडे १,८०० मीटरचे. फुटांत सांगायचे तर सुमारे २,०००, ४,००० आणि ६,०००. या मांडणीत कोणत्याही पायरीवर आमचे छत आणि विमानाचा उतार यांत किमान साडेपाचशे मीटर राहतात.

ही आकडेमोड आमची आहे. रडारवर विमानांना प्रत्यक्षात कोणत्या उंचीवर खाली आणले जाते, लढाऊ विमाने कशी परततात, हे तुमच्याकडे आहे, आमच्याकडे नाही. तुमच्या माहितीनुसार आकडे खाली आणायचे असतील तर आणावेत. पण आकडे द्यावेत, आणि ते समुद्रसपाटीपासून आहेत, धावपट्टीपासून की जमिनीपासून, हे प्रत्येक आकड्यापुढे लिहावे. सह्याद्रीत या तिन्हींत कित्येकशे मीटरचा फरक पडतो.

मागणी दुसरी : दोन मार्ग नावानिशी जाहीर करा

उत्तरेचा मार्ग कामशेतहून नवलाख उंबरे, चासकमान, घोडेगाव करत जुन्नरपर्यंत. सरळ अंतर सुमारे ६० किलोमीटर. हा मार्ग लोहगावभोवतीच्या ३५ किलोमीटरच्या वर्तुळाबाहेरून आखता येतो, म्हणजे पहिल्या मागणीतल्या वरच्या दोन पायऱ्यांतच तो बसतो.

पूर्वेचा मार्ग पाचगणीहून लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस आणि पुढे पंढरपूरच्या अंगाने. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंदपासून ज्या वाटेने जाते तीच ही वाट, फक्त आम्ही ती उन्हाळ्यात आणि वरून मागतो आहोत. सरळ अंतर १६० किलोमीटरच्या वर. उत्तरेला बारामतीत वैमानिक प्रशिक्षणाची विमाने उडतात. त्यांचे क्षेत्र आणि वेळा कळवल्या तर आमचा मार्ग तेवढा दक्षिणेला सरकवता येईल.

दोन्ही मार्ग दहा किलोमीटर रुंदीचे असावेत. थर्मल रेषेत येत नाही. त्याहून अरुंद मार्ग कागदावर दिसेल, हवेत टिकणार नाही.

अशा अंतरांना कोणी हौशीचा अतिरेक म्हणू नये. जुलै २०१२ मध्ये डस्टिन मार्टिन यांनी टेक्सासमधल्या झपाटा गावाहून लबकपर्यंत हँग ग्लायडरने ७६४ किलोमीटर कापले, सुमारे अकरा तासांत. झपाटा हे मेक्सिकोच्या सीमेवरचे गाव आहे. पलीकडे दुसरा देश, अलीकडे सीमा सुरक्षेचा कडक पहारा. तरीही तिथून उडता येते, कारण अमेरिकेच्या नियमांत अशा हलक्या यंत्रांसाठी १९८२ पासून स्वतंत्र भाग आहे आणि तो थोडक्यात वाचून होतो: दिवसा उडा, दाट वस्तीवरून उडू नका, विमानतळाभोवतीच्या नियंत्रित क्षेत्रात पूर्वपरवानगीशिवाय शिरू नका, ढगांपासून ठरलेले अंतर ठेवा. सीमा आहे म्हणून आकाश मोघम ठेवलेले नाही.

मागणी तिसरी : बंद असण्याची वेळ सांगा

लष्करासाठी राखलेले आकाश चोवीस तास वापरात नसते, हे सरकारनेच मान्य केले आहे. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले होते की, देशाच्या हवाई क्षेत्रापैकी ६० टक्केच मोकळेपणाने वापरता येते, निर्बंध सैल केले तर नागरी विमान वाहतुकीचे वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. हवाई क्षेत्राचा लवचीक वापर हे तत्त्व त्यानंतर विमान कंपन्यांच्या मार्गांसाठी पुढे नेले गेले. इंधनाची बचत हे योग्य कारण आहे. आम्ही इंधन जाळतच नाही, म्हणून आमच्या बचतीचा आकडा कोणाच्या ताळेबंदात येत नाही. तेवढ्याने आमचा हक्क कमी होत नाही.

मागणी अशी: नोव्हेंबर ते मे या हंगामात शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्यांना सकाळी ११ ते संध्याकाळी ५ या वेळेत वरील पायऱ्या व मार्ग उघडे धरावेत. हवाई दलाला त्या दिवशी आकाश हवे असेल तर आदल्या संध्याकाळी सहापर्यंत नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, काढून ते बंद करावे. कारण देण्याची गरज नाही. ऐनवेळी गरज पडली तर चौथ्या मागणीतल्या क्रमांकावरून कळवावे, आम्ही अर्ध्या तासात खाली असू.

स्वित्झर्लंडमध्ये हे रोज चालते. डोंगरांच्या कुशीत लष्करी तळ आहेत आणि त्याच डोंगरांवरून ग्लायडर उडतात. दुसऱ्या दिवशी कोणते क्षेत्र किती वाजता लागू आहे याचे दैनिक पत्रक तिथे विनामूल्य प्रसिद्ध होते, आणि काही क्षेत्रे या क्षणी लागू आहेत की नाहीत हे फोनवरच्या ध्वनिमुद्रित संदेशातून कळते.

मे २०२५ मध्ये उत्तर व पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद ठेवावे लागले होते. तशा काळात आमची उड्डाणेही विनाप्रश्न थांबतील. त्यासाठी वेगळा आदेशही लागणार नाही.

मागणी चौथी : एक क्रमांक, एक अधिकारी, त्याच दिवशीचे उत्तर

ढग पंधरा दिवस आधी अर्ज करून येत नाहीत. क्रॉस कंट्रीचा दिवस आहे की नाही हे सकाळी आठ-नऊला कळते. कधी बारालाही कळत नाही. अशा खेळासाठी दर उड्डाणाला तीन कार्यालयांत अर्ज, प्रत्येकाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि मग तारखेची मंजुरी ही पद्धत म्हणजे परवानगी नाकारण्याची सभ्य रीत आहे. मंजुरी मिळते त्या तारखेला वारा उलटा असतो, वारा असतो त्या दिवशी मंजुरी नसते.

आमचा उपाय: पडताळणी वर्षातून एकदा करा. ऑक्टोबरमध्ये संघटना पात्र वैमानिकांची यादी देईल. त्यात नाव, ओळखपत्र, प्रशिक्षणाचा दर्जा, विम्याचा तपशील आणि पंखाचा रंग असेल. पोलिस पडताळणी तेव्हाच पूर्ण व्हावी. त्यानंतर उड्डाणाच्या दिवशी सकाळी दहापर्यंत संघटनेचा समन्वयक एका ठरलेल्या क्रमांकावर संदेश पाठवील: कोठून, किती जण, कोणत्या मार्गाने. नियंत्रण कक्षाने अकरापर्यंत नकार दिला नाही तर जाहीर अटींवर उड्डाण सुरू. शेवटचा वैमानिक उतरला की समन्वयक पुन्हा कळवील. यासाठी नवा कर्मचारी, नवे कार्यालय किंवा नवे बजेट लागत नाही. एक मोबाइल लागतो, आणि तो उचलण्याची जबाबदारी कोणाची हे ठरवावे लागते.

मागणी पाचवी : नकाशा आमच्या यंत्रात बसेल असा द्या

वैमानिकाच्या समोर चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा व्हेरिओ आणि जीपीएसचे यंत्र असते. हवाई क्षेत्रांच्या सीमा व उंच्या साध्या मजकूर फाइलच्या रूपात त्यात भरल्या की सीमा जवळ येताच ते यंत्र इशारा देते. जगभर ही सोय आहे. आपल्याकडे वैमानिक अधिकृत प्रकाशनातले अक्षांश-रेखांश स्वतः टिपून घेतात, आणि त्यात एका अंकाची चूक झाली तर सीमा काही किलोमीटर सरकते. विमानतळ प्राधिकरणाने पश्चिम महाराष्ट्रापुरती अशी फाइल प्रसिद्ध करावी, बदल झाला की तारीख घालून नवी द्यावी, आणि सोबत मराठीत दोन पानांची टीप द्यावी. पहिली फाइल बनवून देण्याचे काम संघटना विनामोबदला करील. प्राधिकरणाने ती तपासून शिक्का मारावा.

मागणी सहावी : ठाण्यांना लेखी कळवा

लांब पल्ल्याचा वैमानिक परक्या गावाच्या शेतात उतरतो. उतरल्यावर तो पंख वाऱ्याच्या आड वळवून जमिनीला टेकवतो, हेल्मेट काढतो आणि शिडातले बॅटन एकेक करून उपसायला लागतो. तोवर बांधावर निम्मे गाव जमलेले असते. पहिला प्रश्न ठरलेला: ‘विमान पडलं का?’ दुसरा: ‘लागलं तर नाही ना?’ मग पाणी येते, चहा येतो. घडी घातलेला पंख पाच मीटरहून लांब आणि तीस-पस्तीस किलोचा. तो एसटीत मावत नाही, म्हणून जीप शोधायलाही गावच मदत करते. गावांबद्दल आमची काही तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. कोणीतरी ठाण्याला फोन करतो, आणि ठाण्याकडे या माणसाचे काय करायचे याबद्दल एक ओळ नसते. शहरांमध्ये भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत ड्रोन, पॅराग्लायडर, हँग ग्लायडर आणि हॉट एअर बलून एकाच ओळीत बसवलेले असतात. तो आदेश त्या शहराच्या हद्दीपुरता असतो, पण त्याचा धाक तीन तालुके पुढे जातो. आमच्या सदस्यांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले गेले आहे. गुन्हा नोंदला गेला नाही, कारण कोणत्या कलमाखाली नोंदवायचा हे सांगता येईना. तोच वेळ पोलिसांनी खऱ्या कामाला दिला असता.

गृह विभागाने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, पुणे, सातारा आणि सोलापूर ग्रामीण पोलिसांना हंगामापूर्वी परिपत्रक काढावे: यादीतला वैमानिक शेतात उतरला तर ओळखपत्र तपासून नोंद घ्यावी आणि जाऊ द्यावे. दुसरी, कलम १६३ चे आदेश काढताना त्यांची भौगोलिक हद्द आणि मुदत ठळक लिहावी. कायद्यानेच असा आदेश दोन महिन्यांच्या वर चालत नाही. राज्य शासनाने वाढवला तर आणखी फार तर सहा महिने. मुदत संपताच तोच मजकूर नव्या तारखेने काढत राहणे म्हणजे तात्पुरत्या उपायाला कायमचा नियम करणे, आणि ते कायद्याच्या हेतूला धरून नाही. तिसरी, यादीतल्या वैमानिकांना जाहीर मार्गांवर अशा आदेशातून सूट द्यावी.

पिकाचे नुकसान झाले तर भरपाई वैमानिकाने जागेवर करायची, हा नियम आमच्यात आधीपासून आहे. तो परिपत्रकातही घालावा.

मागणी सातवी : आकाश नव्याने आखताना आम्हाला बोलवा

नवी मुंबई विमानतळामुळे मुंबई-पुणे पट्ट्यातले येण्याजाण्याचे मार्ग पुन्हा आखले जाणार, काही आखले गेलेही. ब्रिटनमध्ये हवाई क्षेत्राची रचना बदलायची असेल तर प्रस्ताव मांडणाऱ्याला हँग ग्लायडिंग व पॅराग्लायडिंगच्या संघटनेसह सर्व वापरकर्त्यांशी सल्लामसलत करावी लागते आणि आक्षेपांना लेखी उत्तर द्यावे लागते. आमचे म्हणणे मान्य व्हावे असा हट्ट नाही. कामशेत किंवा पाचगणीपासून शंभर किलोमीटरच्या आत नियंत्रित क्षेत्र वाढवण्याचा प्रस्ताव असेल तर त्याचा मसुदा साठ दिवस आधी मिळावा, लेखी हरकत घेण्याची संधी मिळावी आणि निर्णयात त्या हरकतीचे उत्तर असावे. तसेच राष्ट्रीय धोरणातल्या हवाई क्रीडा नियंत्रण क्षेत्रांच्या यादीत हडपसरबरोबर कामशेत आणि पाचगणी यांचा समावेश करावा.

हडपसरचा दाखला येथे महत्त्वाचा आहे. ते ग्लायडिंग मैदान लोहगावपासून जेमतेम दहा किलोमीटरवर. तिथून वर्षानुवर्षे ग्लायडर उडाले, हवाई तळाशी समन्वय ठेवून उडाले. दहा किलोमीटरवर जे जमले ते चव्वेचाळीस किलोमीटरवर जमत नाही, असे म्हणायला आधार लागेल.

आमच्या बाजूच्या अटी

वरील सवलती सगळ्यांना सरसकट मिळाव्यात असे आम्ही म्हणत नाही. यादीत नाव येण्यासाठी वैमानिकाचे प्रावीण्य दाखवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयपीपीआय कार्डाचा पाचवा टप्पा, म्हणजे क्रॉस कंट्रीचा टप्पा, आवश्यक राहील. प्रत्येकाचा त्रयस्थ विमा असेल, राखीव पॅराशूट असेल आणि उड्डाणभर जागा दाखवणारा ट्रॅकर चालू असेल. त्याचे थेट चित्र नियंत्रण कक्षाला पाहता येईल. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने अशी उपकरणे घेणाऱ्यांना अर्धी किंमत, कमाल २५० पौंड, देऊ केली होती. आम्ही अनुदान मागत नाही, आयात शुल्कात सूट मात्र विचारात घ्यावी.

प्रत्येक उड्डाणाची नोंद उपकरणात आपोआप होते. ती फाइल चोवीस तासांत संघटनेकडे जमा होईल आणि मागाल तेव्हा मिळेल. बंद क्षेत्रात शिरलेल्या वैमानिकाचे नाव पहिल्या खेपेला तीन महिन्यांसाठी आणि दुसऱ्या खेपेला कायमचे यादीतून निघेल. स्पर्धांमध्ये हवाई क्षेत्राच्या उल्लंघनाला त्या दिवसाचे शून्य गुण मिळतात. आमचे लोक त्या शिस्तीत वाढलेले आहेत.

व्यावसायिक टँडम उड्डाणे, म्हणजे पर्यटकाला बांधून नेणारी, या मागणीपत्रात धरू नयेत. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर झालेल्या अपघातात पुण्याची एक तरुणी आणि तिच्यासोबतचा चालक असे दोघे गेले. त्या व्यवसायाला कडक परवाना हवा, आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणातली नोंदणी त्यासाठीच आहे. पण तिथल्या ढिलाईचा धडा म्हणून एकट्याने, स्वतःच्या जबाबदारीवर उडणाऱ्या प्रशिक्षित वैमानिकाचे आकाश बंद करणे म्हणजे चुकीच्या माणसाला शिक्षा. दोन्हींचे नियम वेगळे लिहावेत.

कालमर्यादा

सर्व मागण्या एका दिवसात पुऱ्या होणार नाहीत. पाचवी आणि सहावी यांना हवाई दलाच्या संमतीची गरज नाही, त्या साठ दिवसांत व्हाव्यात. चौथ्या मागणीतला क्रमांक आणि अधिकाऱ्याचे पद नव्वद दिवसांत कळावे. पहिली, दुसरी आणि तिसरी एका हंगामासाठी प्रायोगिक तत्त्वावर, फक्त शनिवार-रविवार आणि एका वेळी जास्तीत जास्त बारा वैमानिक, अशी सुरू करावी. पावसाळ्यात उड्डाणे थांबतात. त्या जून-जुलैत उड्डाणांच्या सर्व नोंदी समोर ठेवून संयुक्त आढावा घ्यावा. एकही उल्लंघन झाले असेल तर ते आम्हीच आधी टेबलावर ठेवू.

एखादी मागणी अमान्य असेल तर कारणासह लेखी कळवावे. नव्वद दिवसांत उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात आम्ही प्रत्येक कार्यालयाकडे या पत्रावरील टिपण्या मागू, आणि पुणे, सातारा व सोलापूर जिल्ह्यांतल्या खासदारांमार्फत हा विषय संसदेत नेऊ. तोवर आमचे सदस्य आजच्या नियमांतच उडतील.

या विषयावर चारही कार्यालयांची एकत्र बैठक पुण्यात घ्यावी. तारीख पंधरा दिवस आधी कळवावी. आमच्या बाजूने तिघे येतील: कामशेतचा एक, पाचगणीचा एक आणि उड्डाणांच्या नोंदी सांभाळणारा समन्वयक. मार्गांचे नकाशे आणि पायऱ्यांची आकडेमोड सोबत जोडली आहे.

कार्यकारी मंडळ